लायकी न बघता मिळालेली कृपा: रोजच्या जगण्यात ती घ्यायची कशी

नगरला आमच्या मंडळीत मंगळवारी संध्याकाळी घराघरांत बायबल अभ्यास असतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो मी घेते. तारण कशानं होतं असं विचारलं की उत्तर एका सुरात येतं: कृपेनं, कर्मांनी नव्हे. शब्बाथशाळेतली, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गातली, पोरंही ते वचन न अडखळता म्हणतात. मग प्रार्थनेचे विषय सुरू होतात. कुणाला मूत्रपिंडाचा आजार निघालेला असतो आणि ती म्हणते, "माझ्या हातून काय चुकलं असेल हो?" कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते आणि ते म्हणतात, "आमच्या आईनं आयुष्यभर देवाची सेवा केली, त्याचं हे फळ." वचन पाठ असलेली हीच माणसं. मनातला हिशोब मात्र जुनाच चालू असतो: चांगलं वागलो तर मिळेल, चुकलो तर जाईल.

ही सवय मोडता येते. उपदेश ऐकून ती मोडत नाही, करून बघावं लागतं. आमच्या अभ्यासात आम्ही जे करतो ते इथे लिहिते. ज्यांचा बाप्तिस्मा झालाय, चर्चची सवय आहे, आणि तरीही देवासमोर जाताना आपण काहीतरी देणं लागतो असंच ज्यांना वाटत राहतं, त्यांच्यासाठी.

पेन्सिल घेऊन एक अध्याय

इफिसकरांस पत्र, अध्याय २, पहिली दहा वचनं. मोबाइलवर नको, छापील बायबल घ्या आणि हातात पेन्सिल. आपण काय केलं ते जिथे आहे त्याखाली एक रेघ ओढा. देवानं काय केलं त्याखाली दोन. घाई करू नका, अर्धा तास लागला तरी चालेल.

एका रेघेखाली काय येतं बघा: मेलेले होतो, जगाच्या रीतीनं चालत होतो, देहाच्या इच्छांमागे जात होतो. दोन रेघांखाली: प्रीती केली, जिवंत केलं, उठवलं, ख्रिस्ताबरोबर बसवलं. चौथ्या वचनापाशी सगळं वळण घेतं, आणि ते वळण यावं म्हणून माणसानं तोवर काहीही केलेलं नसतं. सत्कर्मं या उताऱ्यात आहेत, पण दहाव्या वचनात, म्हणजे दान मिळून झाल्यावर. त्या दहाव्या वचनाभोवती एक चौकोन काढा आणि बाजूला लिहा, "हे नंतर". माझ्या ओळखीच्या कितीतरी भल्या माणसांचं आयुष्य हा क्रम उलटा झाल्यामुळे जड झालेलं मी पाहिलंय.

मग हाच क्रम इतरत्र शोधा. निर्गम २० मध्ये दहा आज्ञा आहेत, पण पहिल्या आज्ञेच्या आधी देव सांगतो की मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर काढलं. सुटका आधी, आज्ञा नंतर. लूक १९ मधला जक्कय घ्या. मुलांना ही गोष्ट सांगताना आपण नकळत ती उलटी सांगतो, की त्यानं लोकांचे पैसे परत केले म्हणून येशू त्याच्या घरी गेला. वाचून बघा. उंबराच्या झाडाखाली उभं राहून येशू म्हणतो, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. त्या क्षणी जक्कय मुख्य जकातदारच आहे, एक पैसाही परत केलेला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे तो बोलतो ते पाहुणा त्याच्याकडे यायचं ठरल्यावर.

रमाबाईंची आठ वर्षं

या अभ्यासात एक संध्याकाळ मी पंडिता रमाबाईंसाठी ठेवते. आपल्या भागातल्या ख्रिस्ती घरांत त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, केडगावचं मुक्ती मिशन अनेकांनी पाहिलेलं असतं, पण कृपेच्या बाबतीत त्यांच्यावर जे गुदरलं ते फारसं सांगितलं जात नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, राहिल्या. तिथून त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं त्या सिस्टर्सचं काम दाखवायला नेलं. समाजानं वाईट ठरवून टाकून दिलेल्या बायकांना तिथे मायेनं सांभाळलं जात होतं. असं काम रमाबाईंनी आपल्या देशात कधी पाहिलेलं नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची हकिकत वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नसलेला. भर दुपारी विहिरीवर आलेली. तिच्याकडे येशू आधी पाणी मागतो आणि मग तिला जिवंत पाणी देऊ करतो. तिनं आधी आपलं घर नीट लावावं अशी अट तो घालत नाही.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिका, मग १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन. विधवांना शिकवणं, त्यांच्यासाठी समाजाशी झगडणं, सगळं जोरात चालू. आणि १९०७ च्या आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या वाटचालीच्या कहाणीत, त्या लिहितात की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर आपल्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीनं सगळं पटलेलं होतं. कामही मोठं होतं. पण आपल्यातलं काहीही पुढे न करता, आहोत तशा, फक्त त्याच्या मरणावर भरवसा टाकायचा, हे तोवर झालेलं नव्हतं. ते झाल्यावर त्यांच्या लिहिण्यात जो आनंद येतो तो वेगळाच आहे.

मी हे सांगते त्याला दोन कारणं आहेत. एक, ज्यांना वाटतं की इतकी वर्षं चर्चला जाऊनही आपल्याला हे उमगलं नाही, म्हणजे आपल्यातच खोट आहे, त्यांनी ही आठ वर्षं आठवावीत. दुसरं, पुढे केडगावला रमाबाईंनी जी घरं उभी केली, त्यांतल्या एकाचं नाव कृपा सदन होतं, आणि ते अशाच टाकलेल्या स्त्रियांसाठी होतं. फुलहॅमला पाहिलेली आणि विहिरीकाठच्या त्या बाईला मिळालेली गोष्ट केडगावात भिंती आणि छप्पर होऊन उभी राहिली. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन आहे, नगरहून दौंडमार्गे जाता येतं. आपल्या मंडळीतल्या तरुणांना घेऊन एकदा जाऊन या.

पाप कबूल करताना

रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसातली एकच गोष्ट घ्या. "प्रभू, मी पापी आहे" हे फार सोपं वाक्य आहे, त्यात लपायला भरपूर जागा असते. "आज सुनेला पाहुण्यांसमोर टाकून बोलले" असं म्हणा. एवढं म्हणून थांबा. बहुतेकांना इथे थांबता येत नाही, लगेच पुढचं वाक्य येतं: पुन्हा असं करणार नाही, शुक्रवारचा उपवास धरीन, कमाईचा दशांश देवाला द्यायचा चुकवणार नाही. हे पुढचं वाक्य काही दिवस बोलू नका. त्याजागी १ योहान १:९ म्हणा, की आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू व न्यायी आहे म्हणून क्षमा करतो. त्याच्या विश्वासूपणावर, आपल्या नव्या निश्चयावर नव्हे. सकाळी उठल्यावर सुनेची माफी मागायचीच. पण रात्रीची क्षमा त्या सकाळवर अवलंबून नसते, हे मनाला शिकवायला वेळ लागतो.

नवसाचंही तेच. आपण नवस म्हणत नाही, पण "मुलगी बारावी पास झाली तर चर्चला पंखा देईन" हे नवसापेक्षा वेगळं काय आहे? पंखा जरूर द्या, उन्हाळ्यात गरज असते. निकालाच्या आधी द्या. मग निकाल काहीही लागो, तुमच्या देण्यात सौदा उरत नाही.

प्रभुभोजनाला दूर बसणारे

यावर मला जास्त बोलायचंय, कारण दर महिन्याला पहिल्या रविवारी मी हे डोळ्यांनी बघते. भाकर आणि प्याला घ्यायला लोक पुढे जातात आणि काहीजण मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, "आमची लायकी नाही." कुणाचं जावेशी भांडण असतं, कुणी दारू पिऊन आलेला असतो त्या आठवड्यात, कुणाला नवऱ्यानं सोडलेलं असतं आणि त्याची लाज तिनंच वाहायला घेतलेली असते. एक ताई तर अशा कित्येक वर्षं बसून होत्या.

त्यांच्या मनात १ करिंथ ११ मधला इशारा असतो, अयोग्य प्रकारे खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो हा. तो इशारा खरा आहे, हलक्यानं घेऊ नये. पण अध्याय सतराव्या वचनापासून वाचा. करिंथात काय चाललं होतं? पैसेवाले आधी येऊन आपलं जेवण उरकत, मोलमजुरी करणारे उशिरा येऊन उपाशी राहत, आणि कुणी तर झिंगलेलाही असे. गरिबाला लाज आणून प्रभूच्या मेजावर बसणं, याला हे पत्र लिहिणारा पौल अयोग्य म्हणतो. आणि अठ्ठाविसाव्या वचनात तो काय करायला सांगतो? माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं असं तिथे नाही.

काही मंडळ्यांत भोजनापूर्वी एक जुनी प्रार्थना होते, त्यात आपण म्हणतो की प्रभू, तुझ्या मेजाखालचे चुरे वेचायचीही आमची लायकी नाही. आणि हे म्हणून झाल्यावर लगेच सगळे उठून पुढे जातात. ज्याला लायकी नाही असं वाटतं त्याच्यासाठीच ही प्रार्थना लिहिलेली आहे.

म्हणून असं करा. पहिल्या रविवारच्या आधी शनिवारी संध्याकाळी थोडा वेळ काढा. कुणाशी बिघडलं असेल तर फोन करा किंवा स्वतः जा, मत्तय ५ मध्ये प्रभूनं तसंच सांगितलंय. समोरच्यानं फोन उचलला नाही, दार उघडलं नाही, तर रोमकरांस १२:१८ वाचा: तुमच्याकडून होईल तितकं. तुमच्याकडून झालं. आता रविवारी या. आणि तरीही पाय उचलत नसतील तर २ शमुवेल ९ वाचून या. आधीचा राजा शौल याचा नातू मफीबोशेथ, दोन्ही पायांनी लंगडा, लोदबार गावात कुणाच्या तरी घरी लपल्यासारखा राहिलेला. नवा राजा दावीद त्याला बोलावतो तेव्हा तो स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणवतो. दावीद त्याच्याशी वाद घालत बसत नाही. तो त्याला मेजावर बसवतो, आणि तुझा बाप, माझा मित्र योनाथान, याच्यासाठी हे करतोय असं सांगतो. त्या अध्यायाचं शेवटचं वचन असं आहे की तो नेहमी राजाच्या पंक्तीला जेवे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. पाय बरे झाले असं कुठेही लिहिलेलं नाही.

त्या ताईंना मी हा अध्याय वाचून दाखवला आणि पुढच्या प्रभुभोजनाला त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कुणी असं मागे बसत असेल तर तुम्हीही हेच करा. भाषण नको, शेजारी बसा आणि उठताना हात पुढे करा.

क्षमेचं गणित

मत्तय १८ मधला दाखला कागदावर सोडवायचा असतो. धन्यानं ज्याचं मोठं कर्ज सोडलं, तोच दास आपल्या सोबतीच्या दासाला थोड्या कर्जासाठी धरतो, तो हा दाखला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे साधारण ६,००० दिनार. त्या दासाचं कर्ज १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तरी २ लाख वर्षं. "मला सांभाळून घ्या, सगळं फेडतो" असं तो म्हणतो, ते केवढं अशक्य आहे हे हा आकडा लिहिल्याशिवाय कळत नाही. धनी मुदत वाढवून देत नाही, कर्जच सोडतो.

आता दुसरी रक्कम, त्या सोबतीच्या दासाकडचं येणं, १०० दिनार. इथे पुष्कळ उपदेशक म्हणतात की ती क्षुल्लक होती. नाही. १०० दिवसांची मजुरी म्हणजे मजुराचं तीन-चार महिन्यांचं घर. ज्यांना भावानं जमिनीत फसवलं, ज्यांच्या लग्नातले दागिने सासरी गेले ते गेले, त्यांना "तुमचं दुखणं किरकोळ" म्हणू नका, प्रभूही म्हणत नाही. आपण काय सोडतो आहोत ते आधी कागदावर खरंखुरं लिहा, रकमेसकट. मग वरचा आकडा त्याच्या शेजारी लिहा. रोज सकाळी त्या माणसाचं नाव घेऊन दोन्ही आकडे वाचा आणि म्हणा, "प्रभू, तू माझं सोडलंस, मी याचं सोडते." मन तयार नसलं तरी म्हणा. राग पुन्हा येईल, पुन्हा म्हणा. सात वेळा क्षमा करू का, असं पेत्रानं विचारलं होतं आणि उत्तर सत्तर वेळा सात मिळालं होतं, ते उगीच नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. नवरा मारत असेल तर क्षमा म्हणजे तिथेच मार खात राहणं, असं कुणी शिकवत असेल तर ते ऐकू नका. आधी सुरक्षित जागी जा. ११२ ला किंवा महिलांच्या १८१ ला फोन करा, वडीलमंडळींतल्या भरवशाच्या माणसाला सांगा. क्षमा मनात करता येते, आणि पोलिसांत तक्रार केल्यानं ती मोडत नाही.

घ्यायला शिकणं

उधळ्या पुत्राचा मोठा भाऊ (लूक १५) आणि द्राक्षमळ्यातले पहाटेपासून राबलेले मजूर (मत्तय २०) हे आपणच, चर्च झाडणारे, दर रविवारी सगळ्यांच्या आधी येणारे. कुणी शेवटच्या तासाला आला आणि त्यालाही तेवढाच दिनार मिळाला की आपल्या पोटात दुखतं. याचं मूळ असं की फुकट घेणं आपल्याला जमत नाही. शेजारीण पुरणपोळ्यांचा डबा देते, तो आपण रिकामा परत करत नाही. साखर तरी घालतोच. ही रीत चांगली आहे, ती मोडायला मी सांगत नाही. पण एकदा, फक्त एकदा, जाणूनबुजून डबा धुऊन पुसून रिकामा परत करा आणि म्हणा, "फार छान झाल्या होत्या." हात किती अवघडतो ते बघा. तो अवघडलेपणा घेऊन त्या रात्री प्रार्थनेला बसा. देवासमोर आपण रोज तसेच उभे असतो आणि त्यानं दिलेलं नुसतं घ्यायचं असतं.

ज्यांना दुसऱ्याचं करण्यातच समाधान वाटतं, त्यांना हा अभ्यास फार जड जातो. आजारपणात कुणी भांडी घासू लागलं तर घासू द्या.

मग वाटेल तसं वागावं का, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. पौलालाही कुणीतरी विचारला असणार, रोमकरांस ६ त्याच प्रश्नानं सुरू होतं. तीताला २:११-१२ वाचा: कृपा आपल्याला शिकवते, अभक्तीला नाकारायला शिकवते. आणि जक्कयानं चौपट परत केलेच की. ज्यांचं आपण देणं लागतो त्यांची यादी करा, उधारी असो, बुडवलेलं घरभाडं असो, कामवाल्या बाईंचा कापलेला खाडा असो, आणि फेडायला लागा. फेडताना मन हलकं असतं, कारण देवाच्या दारात आपण आत आलेलोच असतो.

मुलांना हे कसं शिकवायचं, असं आयाबाया विचारतात. "असं केलंस तर येशू रागावेल" हे वाक्य घरातून काढून टाका, इथून सुरुवात करा. चूक केली तर त्या चुकीचं नाव सांगा, तिची भरपाई करून घ्या, आणि जवळ घ्या, तिन्ही एकाच वेळी. शब्बाथशाळेत पाठांतराला बक्षीस म्हणून पेन्सिली देत असाल तर कधीतरी वर्गाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना द्या, वचन न येणाऱ्यांनाही, आणि मग तेच इफिसकरांस पत्रातलं वचन शिकवा. दहावीच्या निकालाच्या दिवशी, वेबसाइट उघडायच्या आधी, मुलाला त्याच्या आवडीचं करून खाऊ घाला आणि प्रार्थना करा. ती प्रार्थना चांगल्या गुणांसाठी नको. हा मुलगा आम्हाला दिलास म्हणून उपकार माना, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.